पांढरं दव आणि बारा प्रेषित

बायू काने या संथ ओढ्याच्या काठी जी काही घरं आहेत, त्यांतल्या कुठल्याही घरी फेब्रुवारीत जाऊन विचारा, "यंदा टोमॅटो कधी लावायचे?" घरातला पुरुष छाती काढून सांगेल, "गुड फ्रायडेला. आणखी कधी?" आणि तो जरा बाहेर गेला की घरातली बाई हळूच म्हणेल, "तांत झेनोबीला एकदा विचारून घ्या."

झेनोबी रॅबले ही सगळ्या गावाची तांत, म्हणजे मावशी. सख्खी भाची तिला एकच, आणि तिच्याशी तिचं पटत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभं आयुष्य राजमा-भात रांधला आणि अर्ध्या गावाच्या ताटात वाढला. त्यामुळे आज चर्चच्या समितीवर ऐटीत बसणारे कोणकोण लहानपणी भेंडी खिशात लपवून नेत, ते तिला पाठ आहे. ही माहिती ती वाया जाऊ देत नाही.

चर्चचे कपडे धुण्याचं कामही तिच्याकडेच. फादरचे झगे, वेदीवरची कापडं, सगळं. वास्तविक ती मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते ती फक्त ईस्टरला आणि कोणी मेलं तर. आधीच्या फादरांनी एकदा तिला विचारलं होतं, "झेनोबी, तुझा देवावर विश्वास आहे की नाही?" ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही फादर. पण त्याच्या वेदीवर मेणाचे डाग पडतात, हे मी शपथेवर सांगेन." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तिचा विश्वास होता तो परसातल्या पिकानच्या झाडावर. पिकान म्हणजे अक्रोडाच्या भावकीतलं एक धिप्पाड, आळशी झाड. आमच्याकडे थंडी मुक्कामाला नसते. येते, चार दिवस राहते, जाते. फेब्रुवारी सरता सरता असं ऊन पडतं की माणसं बाह्या वर करतात, आलुबुखारा फुलतो, पीच फुलतो, आणि सगळ्यांना वाटतं की सुटलो एकदाचे. मग छत्री विसरलेला पाहुणा दारातून परत यावा तशी थंडी परत येते. एका पहाटे दव गोठून पांढरं होतं, आणि त्याच्याखाली टोमॅटोची रोपं उकडलेल्या पालकासारखी आडवी होतात. आलुबुखारा फसतो, पीच फसतो, माणूस तर दर वर्षी फसतो. पिकान फसत नाही. बाकीची झाडं नटूनथटून उभी असतात आणि हे आपलं वाळक्या लाकडासारखं. शेवटचं पांढरं दव पडून गेल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. सरकारी शेती कचेरी दर वर्षी एक कॅलेंडर वाटते, त्यात शेवटच्या दवाची सरासरी तारीख छापलेली असते. झेनोबीने ते कॅलेंडर संडासात लावलं होतं. "सरासरी म्हणजे अर्ध्या वेळा खोटं," ती म्हणे. "अर्ध्या वेळा खोटं बोलणारा माणूस माझ्या घरात एक आहे, तेवढा पुरे."

तो माणूस म्हणजे तिचा नवरा एल्फेज.

एल्फेज रॅबले नदीवरच्या तराफ्यावर माणसं आणि मोटारी पलीकडे नेई. पूल झाला तसा घरी बसला. चर्चच्या गायकवृंदात तो सगळ्यात खालचा सूर लावी, तेव्हा म्हणे बाकं थरथरत. देवभोळा इतका की शिंक आली तरी क्रूसाची खूण करी. टोमॅटो लावायचे ते गुड फ्रायडेला, ही त्याच्या आईची रीत, तिच्या आईची रीत. पण त्यातही एक गोम होती. गुड फ्रायडेला जमिनीला लोखंड लावायचं नाही. लावलं तर मातीतून रक्त येतं. म्हणून खड्डे गुरुवारी खणून ठेवायचे, आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता, ख्रिस्ताने प्राण सोडला त्या घटकेला, नुसत्या हातांनी रोपं लावून माती दाबायची. रोपं बारा. बारा प्रेषित. त्यांना तो नावानेच ओळखे. "पीटरला पाणी घाल," "थॉमसच्या पानावर अळी आहे," असं घरात चाले.

"आणि दर वर्षी बारातला एक मरतोच," झेनोबी म्हणे. "तुझा जुडास."

"तो मरायलाच लावतो मी," एल्फेज म्हणे.

लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या बागेचे दोन भाग होते. मधली कांद्याची ओळ ही सरहद्द. अलीकडे त्याची गुड फ्रायडेची रोपं, पलीकडे पिकानने डोळा उघडल्यावर लावलेली तिची. दव पडलं नाही त्या वर्षी त्याचा टोमॅटो आधी पिके, आणि तो ताटलीत एकच टोमॅटो घेऊन गावभर मिरवे. दव पडलं त्या वर्षी ती काही न बोलता त्याच्या मेलेल्या रोपांसमोर खुर्ची टाकून कॉफी पीत बसे. पांघरूण घालायला तो तयार नसे. "विश्वास आहे तर पांघरूण कशाला?" म्हणे.

"अरे, तुझा तो येशू दर वर्षी वेगळ्या तारखेला मरतो," ती त्याला सांगे. "चंद्र बघून. कधी मार्चात, कधी एप्रिलात. दव काय त्याला विचारून पडतं?"

"आणि तुझं लाकूड कोणाला विचारतं?"

"कोणालाच नाही. म्हणून तर त्याचं ऐकते."

हे भांडण त्यांची मुलं ऐकत मोठी झाली, कंटाळली आणि ह्यूस्टनला निघून गेली. भांडण राहिलं. चाळीस वर्षं ती एका वाक्याची वाट बघत होती. "झेनोबी, तुझं खरं." एवढंच. कबरीत जायच्या आधी एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं, असं तिने ठरवलं होतं, आणि तसं त्याला सांगितलंही होतं. "मग तुला बराच काळ जगावं लागेल," तो म्हणाला होता.

गेल्या सप्टेंबरात एल्फेजला झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ काही दिवसांनी परतली, हात-पाय परतले नाहीत. आणि मग त्या माणसाने एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी आपली होडी विकली, किमतीची घासाघीसही न करता. मग गाणं सोडलं. गायकवृंदातली माणसं भेटायला आली तर डोळे मिटून पडला. मग चमचा सोडला, झेनोबी भरवेल ते खाई, भरवलं नाही तर मागत नसे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. झेनोबी रोज बघत होती, हा पीळसुद्धा चालला होता.

एक गोष्ट मात्र त्याने सोडली नाही. जानेवारीत त्याने कॉफीचे रिकामे डबे मागितले, डाव्या हाताने माती भरली, आणि आईच्या टोमॅटोचं राखलेलं बी त्यांत टोचलं. खिडकीत बारा रोपं उभी राहिली. त्यांच्यावरून तो तिच्याशी भांडे. ऊन कमी मिळतंय, पाणी जास्त घालतेस, बोट लावू नकोस त्या जॉनला. जॉनवरून भांडण झालं त्या दिवशी त्याने चमचा स्वतःच्या हाताने धरला. झेनोबीने ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम जास्त पाणी घालू लागली.

आणि यंदा ईस्टर आला तो मार्चातच. इतका लवकर की म्हाताऱ्या माणसांनाही असा आठवेना. गुरुवारी सकाळी झेनोबीने परसात जाऊन पिकानची फांदी वाकवून बघितली. डोळा घट्ट बंद, दगडासारखा.

"खड्डे खण," एल्फेज ओसरीवरच्या खुर्चीतून म्हणाला.

"झाड झोपलंय एल्फेज. दोन आठवडे थांब. रोपं डब्यात मरत नाहीत."

"उद्या गुड फ्रायडे आहे."

"माहीत आहे. चर्चचे कपडे मीच धुते. अरे, तुझ्या आईचं बी आहे, सगळं पेरून बसलास, मागे दाणा ठेवला नाहीस."

"म्हणूनच चुकीच्या दिवशी लावणार नाही. खड्डे खण बये. का मी उठू?"

तो उठू शकत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. झेनोबीने फावडं घेतलं आणि बारा खड्डे खणले. शुक्रवारी तीन वाजता चर्चची घंटा त्या दिवशी मुकी असते म्हणून लाकडी टाळ वाजला, तेव्हा ती गुडघ्यावर बसून नुसत्या हातांनी माती दाबत होती आणि एल्फेज ओसरीवरून सांगत होता, "खोल. अजून खोल. अँड्र्यू वाकडा झालाय." ती मातीशी बोलावं तसं पुटपुटत होती, त्यातलं बरंचसं गुड फ्रायडेला बोलण्यासारखं नव्हतं. गावात त्या दुपारी प्रत्येक अंगणात कोणी ना कोणी असंच गुडघ्यावर होतं. प्रत्येक रोपाजवळ एक खुंटी रोवलेली, आणि वर निळं, साळसूद आभाळ.

शनिवारी सकाळी उत्तरेचा वारा सुटला. रेडिओ म्हणाला, रात्री वारा पडेल, आभाळ मोकळं राहील, पहाटे पांढरं दव.

झेनोबी रेडिओ ऐकून ओसरीवर आली. चाळीस वर्षांची तयारी होती, जिभेवर दहा वाक्यं तयार होती. एल्फेजने बागेकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुझं खरं, झेनोबी. तू जिंकलीस."

आणि त्याने डोळे मिटले, गायकवृंदासमोर मिटले होते तसेच.

जन्मभर वाट बघितलेलं वाक्य आलं होतं आणि ते तिला नको होतं. तिला भीती वाटली, अशी की झटका आला त्या दिवशीही वाटली नव्हती. दुपारचं जेवण तिने त्याच्यापुढे ठेवलं. तळलेला कॅटफिश, त्याच्या आवडीचा. त्याने चमच्याला हात लावला नाही, तिने एक घास भरवला. तिने मुद्दाम म्हटलं, "मीठ जास्त पडलंय." तो म्हणाला, "चालेल."

चालेल! एल्फेज रॅबले मिठाबद्दल चालेल म्हणाला.

ती उठली आणि पलंगावरच्या चादरी ओढून बागेत गेली. चादरी खुंट्यांवर राहीनात. वारा शिरून त्यांची शिडं होत होती, एकीने मॅथ्यूची मान जवळजवळ मोडलीच. गोधडी तर रोपांना चिरडून टाकील. ती चादर उराशी धरून, भुताला शिव्या द्याव्यात तशा उत्तरेला शिव्या देत उभी होती, तेवढ्यात फाटकाशी फादर ओबिना आले. नायजेरियातून आलेला हा तरुण पाद्री, गावातलं त्याचं दुसरं वर्ष. अंगात एकावर एक दोन स्वेटर. हातात मोठी टोपली.

"मादाम झेनोबी, संतांची कापडं," ते म्हणाले. "आज उतरवली. तुम्ही म्हणालात धुवायला लगेच हवीत."

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, शेवटच्या दिवसांत चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाखाली झाकतात आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी उघडतात. ही कापडं झेनोबीनेच शिवलेली. प्रत्येक मूर्तीच्या मापाची, डोक्यावरून सरकन उतरणारी, खाली नाडी घालून आवळता येणारी. हलकी, सुती.

तिने टोपलीत बघितलं. मग खुंट्यांकडे बघितलं.

"ठेवा फादर," ती गोड आवाजात म्हणाली. ती गोड बोलली की गावातली माणसं मागे सरतात, पण फादर नवे होते. ते टोपली ठेवून संध्याकाळच्या मिसेची तयारी करायला गेले.

तिने पहिलं कापड झटकलं आणि पीटरच्या खुंटीवरून खाली सरकवलं. खाली नाडी आवळली. वाऱ्याने दोन धडका दिल्या, कापड हललं नाही.

"काय करतेस?" ओसरीवरून आवाज आला. डोळे उघडले होते.

"रोपं झाकतेय."

"ते सेंट अँथनीचं आहे!"

"अँथनी आता उघडा बसलाय. त्याला नको आहे ते."

"झेनोबी, ते पवित्र कापड आहे. पाप लागेल."

"मला लागेल. तुला कशाला लागतंय, तू तर खुर्चीत आहेस." तिने दुसरं कापड काढलं आणि थॉमसकडे निघाली. "पांघरूण घालणं म्हणजे विश्वास नाही, असं तूच म्हणतोस ना? मला नाहीच आहे. मी घालू शकते."

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली होती, पण कान मागेच होते. मग खुर्ची करकरली.

"ते जोसेफचं थॉमसला नको घालू," तो म्हणाला. "आखूड आहे. थॉमस उंच झालाय. ते मॅथ्यूला दे."

"मॅथ्यूला कुमारी मातेचं देणार होते."

"कुमारीचं मोठं आहे, अक्कल आहे का? ते जॉनला. जॉनचा पसारा मोठा. आणि नाडी एवढी आवळू नकोस, गळा दाबशील त्याचा."

झेनोबीने नाडी आणखी आवळली.

"सैल कर म्हणतो ना!" एल्फेज ओरडला. किती दिवसांनी तो खालचा सूर निघाला होता, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तिने मान खाली घातली आणि नाक बाहीला पुसलं. थंडीने वाहत होतं, असं तिने पुढे सगळ्यांना सांगितलं.

कापडं आठच होती. उरलेल्या चार प्रेषितांना तिने आपले दोन परकर, एक उशीचा अभ्रा आणि फुलाफुलांचा नाइटगाऊन घातला. नाइटगाऊन कोणाला घालायचा यावर बराच वाद झाला. शेवटी तो जुडासच्या अंगावर गेला, यावर दोघांचं एकमत झालं. त्या घरातलं बहुधा पहिलंच.

ईस्टरच्या सकाळी ऊन वर आलं तेव्हा गाव पांढरं होतं. गवत पांढरं, कुंपणं पांढरी, काठावर उलट्या घातलेल्या होड्या पांढऱ्या. हातात रंगवलेली अंडी घेऊन माणसं चर्चला निघाली, एकमेकांच्या अंड्यांवर टकटक करून कोणाचं आधी फुटतं ते बघायला. पण त्या दिवशी अंड्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं, जो तो आपापल्या वाफ्यातली काळी पडलेली रोपं बघून तोंड आंबट करून येत होता. रॅबले यांच्या फाटकाशी येऊन मात्र सगळी थबकली. पांढऱ्या गवतात जांभळे बुरखे घेतलेले आठ संत उभे होते, आणि त्यांच्यात एक फुलाफुलांचा नाइटगाऊन. मादाम दोझा या समितीच्या अध्यक्षीणबाईंनी क्रूसाची खूण केली, मग नाइटगाऊन कोणाचा ते ओळखून पुन्हा एकदा केली.

फादर ओबिनाही गर्दी बघून आले. "मादाम झेनोबी," ते म्हणाले, "ही चर्चची कापडं आहेत."

"हो फादर. दोन आठवडे तुमच्या संतांना झाकून होती. एक तरी संत उगवला का?"

कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. फादरांनी अध्यक्षीणबाईंकडे बघितलं नाही. ते वाफ्यात गेले, दोन बोटांनी सेंट अँथनीची नाडी सोडवली आणि कापड वर उचललं. खाली पीटर उभा होता, हिरवा, टवटवीत, पानावर साध्या दवाचा एक थेंब. गर्दीतून "अह" असा आवाज निघाला. मग एकेक करून बाकीची उघडली. बाराच्या बारा. नाइटगाऊनमधला जुडाससुद्धा.

"बघा!" ओसरीवरून एल्फेज गरजला. "गुड फ्रायडेचं रोप मरत नाही! माझी आई सांगायची. जन्मभर मी सांगतोय, पण ऐकतं कोण? विचारा तिला."

सगळं गाव झेनोबीकडे वळलं. घरामागे पिकान नागडंउघडं उभं होतं, एकही डोळा उघडला नव्हता. तिने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण काल त्याने तिला जे दिलं होतं ते तिला अजून टोचत होतं, आणि तिला वाटलं, परत देऊन टाकावं. तिला तो माणूस हवा होता, जिंकलेला, ओरडणारा, गावासमोर मिरवणारा.

"हो," ती म्हणाली. "तुझं खरं, एल्फेज."

एल्फेजचा चेहरा उतरला.

"झेनोबी," तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर तुला काय म्हणाला?"

"कुठला डॉक्टर?"

"माझा. गेल्या सोमवारी दाराआड बोलत होतात. काय म्हणाला? मी किती दिवस आहे?"

"बिलाचं बोलत होतो रे मेल्या!"

"मग माझं खरं कशाला म्हणालीस?" तो खुर्चीतून पुढे झुकला. "मरणाऱ्या माणसाला म्हणतात तसं?"

झेनोबीने त्याच्याकडे बघितलं. काल आपल्याला वाटली तीच भीती त्याच्या डोळ्यांत होती. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"खरं कसलं, कपाळ तुझं," ती म्हणाली, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. "माझ्या नाइटगाऊनने वाचली ती, तुझ्या गुड फ्रायडेने नाही. काल डोळे मिटून बसला होतास, विसरलास? ते झाड बघ. आंधळा झालास का आता? ते उघडेपर्यंत तुझं काहीएक खरं नाही, आणि पुढच्या वर्षी एकही रोप त्याच्या आधी जमिनीत जाणार नाही, लिहून ठेव."

"पुढच्या वर्षी?" एल्फेज म्हणाला.

"पुढच्या वर्षी."

त्याने पाठ खुर्चीला टेकली. रंग परत आला.

"पुढच्या वर्षी ईस्टर एप्रिलात आहे," तो म्हणाला. "तेव्हा बघू तुझं लाकूड काय म्हणतं. आणि कॉफी आण. कालच्या माशात मीठ भयंकर होतं."